संमती आणि परतीचा मार्ग : मॉरिशसला गेलेल्या मजुराचा निर्णय

एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून समुद्रापार गेलेल्या तरुणाने तो निर्णय स्वेच्छेने घेतला, की तो त्याच्याकडून कपटाने घेतला गेला, हा वाद इतिहासकारांत दीर्घकाळ चालत आला आहे. ह्यू टिंकर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पद्धतीला गुलामगिरीचेच नवे रूप ठरविले. उलट मरीना कार्टर यांनी १९९५ मधील आपल्या ग्रंथात मॉरिशसहून परतलेले मजूरच आपल्या आप्तांना व गावकऱ्यांना सोबत नेत असत, याकडे लक्ष वेधले. पहिल्या मतानुसार मजूर हा बळी ठरतो, तर दुसऱ्या मतानुसार तो काही अंशी जाणता ठरतो. तथापि या वादाचा रोख बहुधा प्रस्थानाच्या क्षणावर राहिल्याने निर्णयाचे दुसरे अंग, म्हणजे परतण्याचा हक्क, पुरेसे विचारात घेतले जात नाही.

मॉरिशसमधील गुलामांची मुक्तता १८३५ मध्ये झाली; परंतु उसाच्या मळ्यांची श्रमिकांची गरज त्यामुळे संपली नाही. त्यापूर्वीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, कलकत्त्याहून निघालेले 'अॅटलस' जहाज ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुईस बंदरात पोहोचले होते. १८३७ च्या कायद्याने प्रत्येक मजुराला सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे करून कराराच्या अटी समजावून देणे आवश्यक केले. तरीही गैरप्रकारांविषयी एवढी ओरड झाली की १८३९ मध्ये ही वाहतूक थांबविण्यात आली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा कलकत्ता व मद्रास यांबरोबर मुंबई बंदरही खुले झाले. मुंबईहून गेलेल्यांची संख्या अन्य दोन बंदरांच्या मानाने थोडी होती. त्यांत मराठी भाषक बरेच असून ते प्रामुख्याने कोकणातले व त्यालगतच्या देशावरचे होते. त्या काळी मराठी घरांत साखरेचा एक प्रकार 'मोरस' या नावाने ओळखला जाई. हे नाव ज्या बेटावरून आले, तेथेच ती पिकविण्यास हे तरुण निघाले होते.

महिना सुमारे पाच रुपये वेतन व शिधा, हे आमिष दुष्काळाने व कर्जाने गांजलेल्या कुटुंबाला लहान नव्हते. शिवाय पाच वर्षांनी विनामूल्य परत येण्याची हमी होती. म्हणून त्या काळच्या निर्णयाचे स्वरूप मुदतीच्या नोकरीचे होते. चार पैसे गाठीस बांधावे, गहाण जमीन सोडवावी व घरी यावे, असा हिशेब त्यात मांडता येत असे. परतलेला शेजारी डोळ्यांपुढे असल्यास तो हिशेब पडताळूनही पाहता येई.

१८५० च्या दशकाच्या आरंभी नव्याने येणाऱ्या मजुरांचा विनामूल्य परतीचा हक्क काढून घेण्यात आला. मळेवाल्यांच्या दृष्टीने त्यात दुहेरी लाभ होता : परतीचा खर्च वाचला आणि कसलेला मजूर बेटावरच अडकून राहिला. पुढे १८६२ मध्ये कराराची मुदतही पाच वर्षांची झाली. कामावर न आलेल्या एका दिवसाबद्दल दोन दिवसांचे वेतन कापण्याची रीत असल्याने भाड्यापुरती शिल्लक पडणेही अवघड होते. करार संपल्यावरही मनुष्य पुरता मोकळा होत नसे. १८६७ च्या कायद्याने अशा 'जुन्या' मजुरांवर छायाचित्रयुक्त परवाना बाळगण्याची सक्ती केली. त्याविरुद्ध आडोल्फ द प्लेव्हिट्झ यांच्या साहाय्याने १८७१ मध्ये ९,४०१ जणांनी अर्ज केला. त्यातून नेमलेल्या राजआयोगाने १८७५ च्या अहवालात या छळाची दखल घेतली.

या पार्श्वभूमीवर बंदरावरील अधिकाऱ्यासमोर दिलेल्या होकाराचे मूल्य ठरवावे लागते. १८४५ मधील होकार आणि १८५५ मधील होकार नोंदवहीत सारखेच दिसतात. परंतु पहिल्याने काही वर्षांची मजुरी पत्करली होती, तर दुसऱ्याने बहुधा जन्मभराचे स्थलांतर. आणि परतलेल्या शेजाऱ्याचे जे उदाहरण पाहून तो निघाला, ते त्याला स्वतःला लागू उरले नव्हते. येथे प्रत्येक वेळी खोटे बोलणारा दलाल असण्याचीही गरज नव्हती. माहिती खरी, पण कालबाह्य असणे एवढेच पुरेसे होते.

मॉरिशसला गेलेल्या सुमारे साडेचार लाख मजुरांपैकी बहुसंख्य तेथेच राहिले. त्यांच्या वंशजांनी भाषा, देवळे व सण जतन केले. गणेश चतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुटी मिळू लागली. मजूर जेथे उतरत तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. मात्र हे यश पूर्वजांच्या निर्णयाचे समर्थन म्हणून मागे नेऊन चिकटविणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. वसाहत करण्याचा विचार त्यांतील अनेकांनी निघताना केलाच नव्हता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या नोंदवह्यांत मजुराचे नाव, वय, जात व गाव सापडते. त्या ओळींचा अर्थ लावताना प्रत्येक नावापुढील वर्ष आणि त्या वर्षी परतीविषयी अमलात असलेला नियम यांची सांगड घातली, तरच तो तरुण नेमक्या कशाला 'होय' म्हणाला हे कळू शकेल.