पिकअपचे गिअर ऑइल घरी बदलणे

मालवाहू पिकअपच्या गिअरबॉक्समधले आणि मागच्या हौसिंगमधले, म्हणजे डिफरन्शियलमधले, जुने तेल काढून ठरलेल्या प्रतीचे नवे तेल भरण्याचे काम. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे अनेक गाडीवाले या दोन तेलांकडे मात्र गिअर अडकू लागेपर्यंत पाहत नाहीत. प्रत्यक्षात हे काम अंगणातल्या सपाट जागेवर, साध्या पान्यांनी होण्यासारखे आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत पिकअप हा शेतीचाच भाग आहे. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचे क्रेट, आळेफाटा व ओतूरला कांदा, मंचरला सातगाव पठारावरचा बटाटा, पश्चिमेच्या डोंगराळ गावांतून हिरडा असा माल तिच्यावरच येतो. बोलेरो पिकअप, तिच्या आधीपासूनची टाटा २०७ आणि २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा ‘छोटा हत्ती’, या गाड्या इथल्या रस्त्यांवर नित्य दिसतात. छोट्या मालवाहू पिकअपमध्ये गिअर बहुधा हातानेच टाकावा लागतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारख्या महागड्या पिकअपमध्ये मिळतो.

तेल किती किलोमीटरला बदलायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. कठीण वापरासाठी अंतर कमी धरावे, अशी सूचनाही अनेक पुस्तिकांत असते. या दोन तालुक्यांतल्या मालवाहतुकीला तीच लागू करावी. भरली गाडी माळशेज घाटातून कल्याणकडे उतरताना चालक खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर वेग धरतो. आणे घाट चढताना तोच भार दातांच्या दुसऱ्या बाजूवर येतो. तेल तापते, पातळ होते आणि दातांमधला त्याचा थर तुटू लागतो. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली की गरम हौसिंग एकदम थंड होते, आत हवेची ओढ निर्माण होते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून, किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरते. अशा गाडीचे तेल काढले की ते दुधाच्या चहासारखे दिसते. तसे दिसल्यास किलोमीटर न मोजता ते बदलावे, आणि पाणी कुठून शिरले तेही शोधावे. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की गाडीला उसंत नसते. म्हणून हे काम हंगामाच्या तोंडावर उरकलेले बरे.

तेलाची निवड हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. दुकानात ‘नव्वद नंबर’ किंवा ‘एकशेचाळीस नंबर’ एवढेच सांगून तेल मागितले जाते. हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. डब्यावरचे जीएल-४ किंवा जीएल-५ हे वर्गीकरण तितकेच निर्णायक असते. हौसिंगमधल्या क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यामुळे तिथे गंधक व फॉस्फरसची संयुगे जास्त असलेले जीएल-५ लागते. गिअरबॉक्समध्ये मात्र बऱ्याचदा गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा असतात. जास्त तीव्र संयुगे पितळ खाऊ शकतात, शिवाय रिंगेला पकड घेण्यासाठी थोडे घर्षण हवे असते. म्हणून कंपनीने जीएल-४ सांगितले असेल तिथे ‘भारी’ समजून जीएल-५ भरू नये. दोन्हीकडे एकच डबा ओतण्याची सवय गिअरबॉक्सचे आयुष्य कमी करते.

काम सुरू करण्याआधी गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी. कोमट तेल लवकर निघते आणि तळाचा गाळही सोबत घेऊन येते. गाडी रिकामी व सपाट जागी असावी, कारण तेलाची पातळी जमिनीच्या समांतर मोजली जाते. पिकअप जमिनीपासून पुरेशी उंच असल्याने जॅक लावण्याची गरज सहसा पडत नाही. शेतातल्या मऊ मातीत जॅक खचतो आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतते. हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून दगड लावावेत.

खाली शिरल्यावर पहिला पाना वरच्या भरण्याच्या प्लगला लावावा, खालच्या ड्रेन प्लगला नव्हे. तेल सांडून झाले आणि वरचा प्लग गंजून बसल्याचे मग कळले, तर गाडी आहे तिथेच अडकते. प्लगभोवतीचा चिखल आधी ब्रशने व चिंधीने साफ करावा. वरचा प्लग सैल झाल्यावर खाली घमेले ठेवून ड्रेन प्लग काढावा आणि थेंब थांबेपर्यंत वाट पाहावी.

निघालेला प्लग पुसून टाकण्याआधी नीट पाहावा. बऱ्याच प्लगांना आत चुंबक असते. त्यावरचा राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप ही नेहमीची झीज आहे. तेलात पिवळा चकाकणारा कस दिसला तर सिंक्रो रिंगा झिजत आहेत. पोलादाचे कपचे किंवा दाताचा तुकडा निघाला, तर नवे तेल भरून भागणार नाही. गिअरबॉक्स खोलूनच पाहावा लागेल. गॅरेजमध्ये गाडी सोडून आलेल्या मालकाला हे सहसा पाहायला मिळत नाही. घरी तेल बदलण्याचा मोठा फायदा हाच.

ड्रेन प्लग नव्या वॉशरसह आधी हाताने आटे धरून बसवावा, मग पान्याने आवळावा. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये पाइप लावून जोर केला तर आटे जातात. नवे तेल हातपंपाने, किंवा नरसाळ्याला लांब नळी जोडून वरून सोडावे. जुन्नरच्या थंडीत ते फार दाट होते. डबा तासभर उन्हात ठेवला की सहज उतरते. भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले आणि बाहेर ओघळू लागले की पातळी झाली. जास्त भरलेले तेल फेसाळते आणि सीलमधून बाहेर पडते. थोडे अंतर चालवून आल्यावर दोन्ही प्लग कोरडे आहेत ना, हे पाहावे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे गणित वेगळे आहे. त्यातले तेल, म्हणजे एटीएफ, वंगण तर असतेच. शिवाय त्याच्याच दाबाने आतले क्लच आवळले जातात. पॅनमधून त्याचा काही भागच निघतो, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. फिल्टर व गॅस्केट बदलावे लागते आणि पातळी इंजिन चालू ठेवून, कंपनीने दिलेल्या तापमानाला पाहायची असते. ज्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही, त्याचे काम तापमान मोजण्याचे साधन नसताना घरी करू नये. अनेक जुन्या पिकअपच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये हेच लाल एटीएफ असते. तिथे गिअर ऑइल घालू नये.

निघालेले काळे तेल घातक कचऱ्यात मोडते. त्याची हाताळणी केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांखाली येते. शेडच्या खांबांना वाळवीसाठी ते फासण्याची रीत गावोगाव आहे. त्यातले धातूचे कण आणि जळके घटक पावसाबरोबर मातीत उतरतात. कुकडी, मीना आणि घोड नदीच्या खोऱ्यांत विहीर, कालवा आणि शेततळे घराला लागूनच असते. थोडेसे तेलही पाण्यावर दूरवर पसरते. म्हणून ते झाकणाच्या डब्यात, पाणी किंवा डिझेल न मिसळता साठवावे आणि जुने तेल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. तेलाने भिजलेल्या चिंध्याही चुलीत घालू नयेत.