फिक्स कवळी म्हणजे काय? महाड-पोलादपूरकरांनी इम्प्लांटआधी काय विचारावं?

दात गेले की आधी ताट बदलतं. तांदळाची भाकरी आमटीत कुस्करावी लागते, भाजलेले शेंगदाणे आणि सुके बोंबील सुटतात. कवळी बसवली तरी अनेकांची खालची कवळी बोलताना, जेवताना उचलली जाते. त्यामुळे ती तोंडात कमी आणि डबीत जास्त राहते. अशा वेळी घरातलं कुणीतरी विचारतं, 'फिक्स दात बसवायचे का?'

फिक्स कवळी म्हणजे नेमकं काय?

जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे छोटे स्क्रू बसवतात. त्यांनाच इम्प्लांट म्हणतात. संपूर्ण जबड्यासाठी साधारण ४ ते ६ इम्प्लांट लागतात आणि त्यांच्यावर दातांची अख्खी पट्टी घट्ट बसवली जाते. ही पट्टी रुग्णाला घरी काढता येत नाही, डॉक्टरच काढू शकतात.

याहून स्वस्त मधला मार्गही आहे. खालच्या जबड्यात २ इम्प्लांट बसवून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी करतात. ती रोज काढून धुता येते. साध्या कवळीपेक्षा तिची पकड बरीच चांगली असते.

हाडात स्क्रू टिकतो कसा?

याचं श्रेय जातं स्वीडनचे संशोधक पर-इंगवार ब्रानमार्क यांना. १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण हाडाशी इतकं एकजीव झालं की ते काढता येईना. त्यातूनच १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांटचे दात बसवले. हाड आणि इम्प्लांट जुळायला साधारण ३ ते ६ महिने लागतात.

'एका दिवसात दात' ही जाहिरात खरी का?

अर्धी खरी. इम्प्लांटची हाडातली पकड चांगली असेल, तर एक-दोन दिवसांत तात्पुरते दात मिळू शकतात. पण काही आठवडे मऊच खावं लागतं. पक्के दात हाड जुळल्यावरच बसतात.

कुणी जास्त काळजी घ्यावी?

वय जास्त आहे म्हणून कुणी बाद होत नाही. या गोष्टी मात्र डॉक्टरांना आधीच सांगायला हव्यात:

- मधुमेह: साखर आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.
- मशेरी, तंबाखू, विडी: हिरड्यांचा रक्तपुरवठा घटतो आणि इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते. अनेक घरांत आजी मशेरी लावते, पण तिला ते व्यसन वाटत नाही. म्हणून विचारल्यावर ती 'नाही' म्हणते.
- हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधं: काही औषधांमुळे जबड्याचं हाड नीट भरून येत नाही.
- झिजलेलं हाड: दात काढून बरीच वर्षं झाली असतील तर हाड कमी झालेलं असतं. ते सीबीसीटी स्कॅनमध्ये दिसतं.

फेऱ्यांचं गणित

महाड किंवा पोलादपूरहून उपचारासाठी पनवेल, मुंबई किंवा पुणे गाठायचं तर तपासणी आणि स्कॅन, शस्त्रक्रिया, टाके, मापं, पक्के दात अशा अनेक फेऱ्या होतात. महाडहून पनवेलच साधारण सव्वाशे किलोमीटर आहे. पुण्याकडे जाणारा वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीसाठी बंद असतो. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया केली तर पक्के दात बहुधा पावसाच्या आधी बसतात. टाके काढणं आणि साधी तपासणी गावाजवळच्या दंतवैद्याकडे होईल का, हे आधीच ठरवून घ्यावं.

संपूर्ण जबड्याचा खर्च सहसा लाखांत जातो. आरोग्य विम्यात, अपघात सोडला तर, असे उपचार बहुतेकदा वगळलेले असतात. खर्च कमी करायचा असेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा पनवेलजवळच्या कामोठ्यासारख्या ठिकाणच्या दंत महाविद्यालयांत चौकशी करता येते.

पैसे भरण्याआधी हे विचारा

1. सांगितलेल्या रकमेत स्कॅन, तात्पुरते दात आणि पक्के दात धरले आहेत का?
2. एखादा इम्प्लांट निघाला तर पुन्हा बसवण्याचा खर्च कोण करणार?
3. इम्प्लांटची कंपनी, माप आणि बॅच क्रमांक लिहिलेलं कार्ड मिळेल का?

तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. पाच वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि कंपनीच माहीत नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरला योग्य सुटा भाग मिळवणंही अवघड जातं. ते कार्ड आधार कार्डासारखं जपून ठेवा, त्याचा फोटो मुलांच्या मोबाइलवरही असू द्या.

बसवले की झालं?

नाही. इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते आणि हाड झिजू शकतं. नैसर्गिक दातासारखी नस नसल्याने सुरुवातीला दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. पट्टीखाली छोट्या ब्रशने रोज सफाई आणि दर सहा महिन्यांनी तपासणी हवीच. नीट काळजी घेतली तर १० वर्षांनंतरही ९० टक्क्यांहून अधिक इम्प्लांट टिकल्याचं अभ्यासांत दिसतं.

आजीला रोज ब्रश धरणं जमणार नसेल आणि घरात मदतीला कुणी नसेल, तर काढता येणारी बटणाची कवळीच तिच्यासाठी अधिक शहाणपणाची ठरू शकते.