पाठवले की विकले? – १९८२ च्या नाताळाचा हिशोब

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी दिलेल्या सेमिनारमधली एक स्लाइड मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यावर एकच मोठा आकडा आहे: '२००६ अखेर एक्सबॉक्स ३६० ची विक्री – १ कोटी ४ लाख'. त्या वर्षी नाताळात तिरंगी लढत होती. प्लेस्टेशन ३ आणि वी ही दोन यंत्रं अमेरिकेत अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने, १७ आणि १९ नोव्हेंबरला, दुकानात आली. एक्सबॉक्स वर्षभर आधीच आलेला होता. त्या एका आकड्यावर मी 'पहिली फेरी मायक्रोसॉफ्टने जिंकली' असा निकाल लावून मोकळा झालो.

मागच्या बाकावरून मॅडमनी एवढंच विचारलं, "पाठवले की विकले?"

खरं सांगायचं तर मला प्रश्नच कळला नाही. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे आलेला माणूस. प्रयोगशाळेत आकडा कुठल्या उपकरणातून आला हे विचारल्याशिवाय आम्ही तो वहीत लिहीत नव्हतो. इथे मात्र कंपनीने छापला म्हणजे खरा, असं धरून चाललो होतो. तो आकडा खोटा नव्हताच, पण तो कारखान्यातून दुकानदाराकडे गेलेल्या यंत्रांचा होता. माल गोदामातून निघाला, बिल झालं, की कंपनीच्या दृष्टीने विक्री झाली. ते यंत्र कुणाच्या घरी टीव्हीला जोडलं गेलं की दुकानाच्या मागच्या खोलीत पडून राहिलं, हे त्या आकड्यात दिसत नाही. त्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये सुमारे ४४ लाख यंत्रं पाठवली गेली आणि पुढच्या तीन महिन्यांत फक्त ५ लाखांच्या आसपास. नाताळानंतर खप उतरतो हे मान्य, पण इतका? दुकानांत आधीचा माल शिल्लक होता, हे त्याचं मोठं कारण.

हा फरक किती महागात पडू शकतो ते बघायचं तर १९८२ च्या नाताळाकडे जावं लागतं.

अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्याचा मोठा भाग वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत होतो. माल मात्र कित्येक महिने आधी ठरवावा लागतो. पेणच्या मूर्तिकाराला हे वेगळं सांगायला नको: वर्षभर मूर्ती करायच्या आणि चतुर्थी उलटली की उरलेली मूर्ती पुढच्या वर्षापर्यंत सांभाळायची. फरक इतकाच की गणपती पुढच्या वर्षीही चालतो, जुना व्हिडिओ गेम चालेलच असं नाही.

वॉर्नर कम्युनिकेशन्सने १९७६ मध्ये अटारी ही कंपनी २ कोटी ८० लाख डॉलरना घेतली. १९७७ मध्ये अटारीचं व्हीसीएस हे यंत्र आलं, १९८० मध्ये त्यावर 'स्पेस इन्व्हेडर्स' आला आणि मग मागणी इतकी वाढली की कंपनीला माल पुरवता येईना. वितरकाने शंभर मागितले तर त्याहून बरेच कमी यायचे. अशा वेळी शहाणा वितरक काय करील? पन्नास हवे असतील तर शंभर लिहील. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये अटारीने वितरकांना सांगितलं की १९८२ या संपूर्ण वर्षाची ऑर्डर आताच द्या. सगळ्यांनी सवयीप्रमाणे फुगवून दिली. अटारीने ते कागद पाहिले आणि तेवढी मागणी खरोखर आहे असं समजून कारखाने चालवले.

पुरवठा साखळीच्या अभ्यासात याला आज 'बुलव्हिप इफेक्ट' म्हणतात, म्हणजे चाबकाच्या मुठीला दिलेला छोटा झटका टोकाला मोठा होऊन पोचतो तसं. ली, पद्मनाभन आणि व्हांग यांच्या १९९७ च्या प्रसिद्ध लेखात त्याची चार कारणं दिली आहेत. त्यातलं एक अगदी हेच: टंचाईत ग्राहकाने मुद्दाम जास्त मागणं. तो लेख जरूर वाचा, गणित न येणाऱ्यालाही कळतो.

१९८२ मध्ये टंचाई संपली आणि स्पर्धा वाढली. अटारी सोडून गेलेल्या प्रोग्रॅमरांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन काढली होती आणि व्हीसीएससाठी बाहेरची कंपनीही गेम काढू शकते हे दाखवून दिलं होतं. तिच्या मागून डझनावारी कंपन्या घुसल्या. मॅटेलचं इंटेलिव्हिजन आधीपासून होतंच. ऑगस्टमध्ये कोलेकोव्हिजन आलं, तेही निन्टेन्डोचा 'डाँकी काँग' खोक्यातच फुकट घेऊन. अटारीने उत्तर म्हणून 'ई.टी.' चित्रपटाचे हक्क घेतले आणि नाताळ गाठायचा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रॅमरने तो गेम सुमारे पाच आठवड्यांत लिहिला. तो लाखांनी बनवला गेला, लाखांनी पाठवला गेला आणि पुढे लाखांनी परतही आला.

वितरकांच्या फाइलमध्ये आता दुप्पट-तिप्पट ऑर्डरी होत्या आणि दुकानांत निवडायला शेकडो कॅसेटी. त्यांनी ऑर्डरी रद्द करायला सुरुवात केली. ७ डिसेंबर १९८२ रोजी, नाताळाला अठरा दिवस असताना, वॉर्नरने जाहीर केलं की वर्षाच्या नफ्यातली वाढ अपेक्षेप्रमाणे ५० टक्क्यांच्या आसपास नसून १० ते १५ टक्केच असेल. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे एक तृतीयांशाने घसरला. गंमत बघा, कंपनी अजून नफ्यातच होती, आणि मुलांच्या हाती भेटी पडायच्या होत्या. तरी निकाल लागून गेला होता, कारण शेअर बाजार इतके दिवस घरात गेलेल्या कॅसेटी मोजतच नव्हता, तो ऑर्डरी मोजत होता. १९८३ मध्ये अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला. दुकानदार माल परत करू लागले, छोट्या कंपन्यांकडे पैसे परत द्यायला पैसेच नव्हते, त्यामुळे तीस-पस्तीस डॉलरच्या कॅसेटी पाच डॉलरच्या टोपलीत गेल्या.

या सगळ्याचं खापर 'ई.टी.'वर फोडायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. १९८३ मध्ये अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत शिल्लक माल पुरला आणि 'तिथे फक्त लाखो ई.टी. आहेत' अशी दंतकथा तीस वर्षं चालली. एप्रिल २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं, सुमारे १,३०० कॅसेटी बाहेर काढल्या गेल्या. त्यात 'ई.टी.' होताच, पण 'सेंटिपीड', 'मिसाइल कमांड' असे लोकांना आवडलेले, चांगले खपलेले गेमही निघाले. एका वाईट गेमने धंदा बुडाला असता तर चांगल्या गेमना मातीत घालायची वेळ का आली असती? माल कुठलाही असो, तो गरजेपेक्षा जास्त होता.

निन्टेन्डोने हे नीट वाचलेलं दिसतं. १९८५ च्या नाताळासाठी न्यू यॉर्कमध्ये एनईएस मांडताना त्यांनी दुकानदारांना सांगितलं की न खपलेला माल आम्ही परत घेऊ. यंत्रात कुलपाचं काम करणारी चिप घातली, म्हणजे परवानगीशिवाय कुणाचा गेम चालू नये. बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेमची मर्यादा घातली. १९८८ च्या नाताळात कार्ट्रिजची टंचाई झाली, तेव्हा निन्टेन्डो चिप मिळत नसल्याचं सांगत होती आणि टीकाकार म्हणत होते की टंचाई मुद्दाम केली आहे. दुकानदार पुन्हा फुगवून मागत होतेच. यावेळी कुणी त्या कागदांवर विश्वास ठेवला नाही, एवढाच फरक. १९९१ नंतरची सेगा-निन्टेन्डोची मारामारी तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, ती इथे सांगत बसत नाही.

आपल्याकडचा हिशोब तर आणखी वेगळा. निन्टेन्डोच्या नोंदीत एनईएस-फॅमिकॉमची जागतिक विक्री ६ कोटी १९ लाख आहे. माझ्या पिढीने मे महिन्याच्या सुट्टीत ज्या 'टीव्ही गेम'वर 'काँट्रा' खेळला आणि ज्याच्या कॅसेटीवर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं, ती त्याच यंत्राची नक्कल. ती यंत्रं या ६ कोटींत नाहीत. पाठवलेल्यांत नाहीत आणि विकलेल्यांतही नाहीत.

आता माझ्या तक्त्यात 'विक्री' असा एक रकाना नाही. बनवले, पाठवले, ग्राहकाने घेतले, परत आले असे चार आहेत, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुणी आणि कशासाठी मोजला ते लिहितो. सोनी २००७ पर्यंत कारखान्यातून निघालेल्या यंत्रांचा आकडा देत असे, नंतर व्याख्या बदलली. एकाच आलेखात दोन्ही जोडले की मध्येच खोटा खड्डा दिसतो. दुकानातल्या विक्रीची गणना करणाऱ्या एनपीडीने २०१० मध्ये यंत्रांचे तपशीलवार आकडे सर्वांसाठी खुले करणं थांबवलं. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून यंत्रांची संख्या सांगणंच सोडलं आणि महिन्याला किती लोक ऑनलाइन येतात ते सांगायला सुरुवात केली. त्यामुळे माझ्या तक्त्यात १९८२ चा तिसरा रकाना जसा जवळपास रिकामा आहे, तसाच अलीकडच्या काही वर्षांचाही आहे. मॅडमना तो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "रिकामाच राहू दे."