काळी बुरशी, १८८५ ची

२०२१ च्या उन्हाळ्यात 'काळी बुरशी' सगळ्यांच्या तोंडी होती. करोना, त्यात मधुमेह, वर स्टिरॉइड्स... मला वाटलं, हा आजार नवाच. मग वाचत गेलो.

१८८५ साली पाल्टाउफ नावाच्या डॉक्टरने म्युकरमायकोसिसची सविस्तर नोंद केली, पण शवविच्छेदनानंतर! रोगी गेला, तेव्हा कुठे बुरशी दिसली.

आणि काळी ही बुरशी नसतेच. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त अडतं, तिथलं मांस मरून काळं पडतं. म्हणजे काळं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

रक्ताच्या गॅलॅक्टोमॅनन चाचणीत ॲस्परजिलस बुरशीचा माग लागतो, हिचा नाही. त्यामुळे आजही नाकातला तुकडा काढायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली तिचे रुंद धागे शोधायचे. पाल्टाउफच्या वेळेपेक्षा मोठा फरक हा, की आता ते रोगी जिवंत असताना सापडू शकतात. पण त्यासाठी आधी कुणाला तरी शंका यावी लागते.

म्हणून घरातल्या मधुमेही मंडळींना सांगणं, एका बाजूचा गाल दुखला किंवा बधिर झाला, तर "बघू उद्या" म्हणू नका.