इलेक्ट्रिक गिटारमधून 'घूंऽऽ' आवाज येतोय? ग्राउंडिंगचा दोष असा शोधा, असा दुरुस्त करा

मे महिन्यात सुट्टी काढून पुण्याहून गावी गेलो होतो. गाव हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. चुलतभावाने नुकतीच एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा अँप घेतला होता. मी पोचायच्या आधीच त्याचा फोन आला होता, "दादा, अँप चालू केला की नुस्तं घूंऽऽ वाजतंय. गिटारपेक्षा त्याचाच आवाज मोठा."

घरी पोचलो तर म्हणाला, "निम्मा आवाज घालवला मी." कसा? एक व्हिडिओ बघून त्याने अँपचा तीन पिनचा प्लग उघडला होता आणि आतली अर्थची हिरवी वायर कापून टाकली होती. आवाज खरंच कमी झाला होता. पण मी अँपच्या मागच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावली आणि झिणझिण्या आल्या.

हा लेख त्या दोन दिवसांच्या दुरुस्तीतून लिहिलाय. गिटार असो, गणपतीत वाजणारा इलेक्ट्रिक बेंजो असो, नाहीतर बेस गिटार, पिकअप आणि वायरिंगचं तत्त्व एकच आहे. त्यामुळे तपासणीची पद्धतही तीच.

हम म्हणजे नेमकं काय?

आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची असते. म्हणजे तिची दिशा सेकंदात 50 वेळा पूर्ण फिरून येते. भिंतीतल्या वायरी, ट्रान्सफॉर्मर, मोटर यांच्याभोवती त्याच गतीने बदलणारं क्षेत्र तयार होतं. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याच्या बारीक तारेची हजारो वेढ्यांची कॉइल. तिचं काम तारेचं कंपन पकडायचं, पण ती आजूबाजूची वीजही पकडते. तोच हा हम.

तुमचा हम विजेचाच आहे का, हे कानाने ओळखता येतं. गिटारच्या सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसरा फ्रेट वाजवा. तो 'जी' सूर 98 हर्ट्झचा आहे. विजेच्या हमचा दुसरा घटक 100 हर्ट्झचा असतो, म्हणजे त्या सुरापेक्षा किंचित चढा. मोबाईलवर एखादं फुकट स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर अ‍ॅप टाका आणि फोन अँपसमोर धरा. 50, 100, 150 अशा आकड्यांवर उभे सुळके दिसले तर चोर सापडला.

आधी हे वाचा: अर्थ कधीच तोडू नका

अर्थची वायर हमसाठी नाही, जीव वाचवण्यासाठी असते. अँपच्या आत काही बिघडून फेज पत्र्याला चिकटला, तर तो करंट अर्थमधून निघून जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी पडतो. अर्थ तोडली तर तो करंट वाट बघत बसतो. पत्रा, केबलचं आवरण, गिटारचा ब्रिज आणि तारा हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं, म्हणजे शेवटी तो तुमच्या बोटांपर्यंत येतो. एका हातात गिटार आणि ओठाला माईक लागला, तर करंट थेट शरीरातून जातो. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी 1972 च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टेजवरच असा गेला. हातात गिटार असताना त्याने अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावला होता.

म्हणून पहिलं काम मी केलं ते प्लगमधली हिरवी वायर परत जोडण्याचं. हम परत आला. येऊ दे म्हटलं, आता शोधू.

पाच मिनिटांची तपासणी

गिटार उघडायची घाई करू नका. आधी दोष कुठल्या भागात आहे ते ठरवा. क्रम असा ठेवा:

1. अँपमधून केबल काढा आणि फक्त अँप चालू ठेवा. हम तसाच राहिला तर दोष अँपमध्ये किंवा विजेच्या बाजूला आहे. गिटारला हात लावू नका.

2. अँपला गिटारशिवाय दुसरं काही जोडलंय का बघा. लॅपटॉप, मोबाईल, मिक्सर जे असेल ते काढा. हम गेला तर दोष त्या जोडणीत आहे.

3. केबल बदलून बघा. केबल जॅकपाशी हलवल्यावर कर्रकर्र झालं तर केबलच खराब.

4. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. हम गेला तर तो पिकअप किंवा आतल्या वायरिंगमधून येतोय. तसाच राहिला तर जॅक, केबल किंवा अँप बघा.

5. गिटार हातात धरून जागेवर हळूहळू फिरा. एका दिशेला हम वाढतो आणि दुसऱ्या दिशेला कमी होतो? मग पिकअप आजूबाजूच्या चार्जरचं, ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र पकडतोय.

6. आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. अर्थिंग ठीक आहे याची खात्री असेल तरच तारांना हात लावा. हम थोडा कमी झाला तर ग्राउंडिंग ठीक आहे, फक्त शील्डिंग कमी आहे. हम वाढला तर बहुधा जॅकच्या दोन वायरी उलट जोडल्यात. काहीच फरक पडला नाही, पण जॅकच्या धातूला हात लावल्यावर कमी झाला, तर ब्रिजची ग्राउंड वायर तुटलेली आहे.

आमच्याकडे दुसऱ्या आणि सहाव्या चाचणीत उत्तर मिळालं. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते.

पहिला दोष: लॅपटॉपचा चार्जर

भाऊ गाण्यांचे ट्रॅक लावायला लॅपटॉप अँपच्या ऑक्सला जोडायचा. लॅपटॉप बाहेरच्या खोलीतल्या बोर्डवर, अँप आतल्या बोर्डवर. लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवला आणि हम एकदम खाली आला.

कारण सोपं आहे. चार्जरच्या आत छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी थोडा करंट अर्थकडे गळत असतो, आणि ते ठरवूनच केलेलं असतं. पण बाहेरच्या बोर्डात अर्थच्या भोकात वायरच नव्हती, नुसतं भोक. मग तो करंट ऑक्स केबलच्या आवरणातून अँपकडे आणि अँपच्या अर्थमधून जमिनीत जात होता. जाता जाता केबलमध्ये हम सोडत होता. भावाने अँपची अर्थ तोडली तेव्हा ती वाट बंद झाली, म्हणून आवाज घटला. पण मग सगळी यंत्रणा अधांतरी राहिली आणि पत्र्याला झिणझिण्या यायला लागल्या. ब्रिजची वायर आधीच तुटलेली होती, म्हणून त्या झिणझिण्या तारांपर्यंत आल्या नाहीत एवढंच. मी विचार न करता ती वायर आधी जोडली असती, तर त्या त्याच्या बोटांना लागल्या असत्या.

उपाय: दोन्ही उपकरणं अर्थिंग असलेल्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावली. हीच चूक दुसऱ्या रूपातही होते. दोन उपकरणांना वेगवेगळ्या ठिकाणाहून अर्थ मिळाली आणि ती केबलनेही जोडलेली असली, तर ग्राउंड लूप तयार होतो आणि त्यातून हम फिरतो. तिथेही एकच बोर्ड हा पहिला उपाय. दुसरा म्हणजे ऑडिओ केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकायचा. आवाज जातो, ग्राउंड तुटतो, आणि विजेची अर्थ जागेवर राहते.

दुसरा दोष: ब्रिजची तुटलेली वायर

आता केबल काढून गिटार टेबलावर घेतली. अँपला जोडलेली गिटार कधीच उघडू नका. काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. तो बीप वाजणाऱ्या कंटिन्युइटीवर लावा आणि हे मोजा:

- जॅकचा बाहेरचा धातू आणि ब्रिज: बीप वाजली पाहिजे.
- जॅकचा बाहेरचा धातू आणि व्हॉल्यूम, टोन पॉटच्या पाठी: बीप वाजली पाहिजे.
- मीटर ओहमवर आणा, गिटारमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि प्लगच्या टोकापासून बाहेरच्या धातूपर्यंत मोजा: सिंगल कॉइल पिकअपला साधारण 5 ते 8 किलोओहम, हंबकरला साधारण 7 ते 15 किलोओहम.

आमच्याकडे पॉटपर्यंत बीप आली, ब्रिजला नाही. मागचं झाकण उघडलं तर ब्रिजकडे जाणारी काळी वायर पॉटच्या पाठीवरून सुटून लोंबत होती. आधीच्या मालकाने पॉट पुरेसा गरम न करताच डाग दिला होता.

नीट डाग असा द्या. पॉटची पाठ बारीक पॉलिश पेपरने घासा. 40 ते 60 वॉटची सोल्डरिंग गन घ्या, कारण पॉटचा पत्रा उष्णता ओढून घेतो आणि 25 वॉटची लहान गन तिथे कमी पडते. आधी पॉटवर थोडं सोल्डर पसरवा, वायरच्या टोकालाही लावा, मग दोन्ही एकत्र गरम करा. गार होईपर्यंत वायर हलवू नका. डाग चकचकीत आणि पसरलेला दिसला पाहिजे. गोळीसारखा वर बसला असेल तर पुन्हा द्या. काही अ‍ॅक्टिव्ह पिकअपच्या गिटारमध्ये ब्रिजला वायर मुद्दामच नसते, म्हणून आत 9 व्होल्टची बॅटरी दिसली तर कंपनीची आकृती बघूनच पुढे जा.

एवढं करूनही थोडा हम राहिला तर?

राहणारच. आमचा पिकअप सिंगल कॉइल आहे. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरच्याही आधीपासून या जातीची ही खोड आहे. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनिअरने 1955 मध्ये यावर उपाय काढला: दोन कॉइल, उलटे वेढे आणि उलटे चुंबक. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरचा हम एकमेकांना खोडतो. म्हणून त्याचं नाव हंबकर. बऱ्याच तीन पिकअपच्या गिटारमध्ये स्विच दोन किंवा चार नंबरवर ठेवला की तसाच परिणाम मिळतो.

पिकअपच्या खाचेला आतून तांब्याची टेप लावून ती ग्राउंडला जोडली की किरकिरी 'झर्रर्र' बरीच कमी होते. पण लक्षात ठेवा, ही टेप विद्युत क्षेत्र अडवते, 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र नाही. त्यासाठी अँपपासून आणि चार्जरपासून दोन-तीन पावलं लांब उभं राहणं हाच फुकट उपाय. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडीचा डिमर बंद करून बघा, फरक कळेल.

मोबाईलवर गिटार वाजवणाऱ्यांनी फोन चार्जिंगला लावून रेकॉर्डिंग करू नये. आधी चार्ज करा, मग वाजवा.

घराच्या अर्थिंगचं काय?

आमच्याकडची काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. माती कोरडी झाली की अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध वाढतो. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात. अर्थिंगसाठी आयएस 3043 हे भारतीय मानक आहे.

तपासणी वायरमनकडूनच करून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ ही दोन्ही मापं जवळपास सारखी, आणि न्यूट्रल-अर्थ अगदी थोडे व्होल्ट आले पाहिजेत. बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देणारा जुगाड कोणी सुचवला तर नाही म्हणा. बाहेर न्यूट्रल तुटला तर घरातल्या प्रत्येक पत्र्यावर फेज येतो. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच.

आमच्याच तालुक्यातली दुसरी गोष्ट

दुधाळा गावाजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिला 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून ती गुरुत्वीय लहरी मोजणार. हे यंत्र प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका बदल ओळखण्यासाठी बनवलेलं असतं. आणि त्यालाही आपलाच त्रास आहे! अमेरिकेतल्या लायगोच्या नोंदींमध्ये तिथल्या विजेचा 60 हर्ट्झचा सुळका ठळक दिसतो. तो तोडून टाकता येत नाही. कुठून शिरतो ते शोधायचं, जेवढा जाईल तेवढा घालवायचा आणि उरलेला हिशेबात धरायचा.

भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे त्यांचापण अँप घूं करतो?" म्हटलं, हो, पण ते अर्थची वायर कापत नाहीत.

त्याने दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून बाहेरच्या बोर्डात अर्थ ओढून घेतली. आता अँपमधून बारीक 'घूं' येतो, वाजवायला लागलं की ऐकूही येत नाही. पत्र्याला हात लावला तर फक्त गार लागतो.