रुग्णाचा शब्द आणि शुश्रूषकाचे कर्तव्य

पाली साहित्याचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी 1947 च्या जून महिन्यात सेवाग्रामच्या आश्रमात अन्न वर्ज्य करून देह ठेवला. 1876 साली गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद तेव्हा सत्तरीत होते. व्याधी जुनी होती, हातून कार्य होत नव्हते आणि इतरांवर भार होऊन राहणे त्यांना मान्य नव्हते. आदल्या वर्षी गांधीजींच्या आग्रहावरून त्यांनी असेच उपोषण सोडले होते. सेवाग्रामला मात्र शुश्रूषा करणाऱ्यांनी त्यांच्या निर्णयाचा मान राखला. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांना आदरांजली वाहिली.

धर्मानंदांनी आयुष्यातील कित्येक वर्षे ज्या आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनात घालविली, त्याच बुद्धघोषांच्या नावे असलेल्या 'समन्तपासादिका' या विनय-अट्ठकथेत हा प्रश्न चर्चिलेला आहे. औषध व शुश्रूषक उपलब्ध असता केवळ मरणाच्या इच्छेने आहार सोडणाऱ्या भिक्खूस तेथे दोष सांगितला आहे. परंतु आजार दीर्घ व दारुण असेल, जपूनही देह टिकत नाही आणि शुश्रूषा करणारे भिक्खू थकले आहेत असे रुग्णासच दिसत असेल, तर त्याने आहार व औषध थांबविणे ग्राह्य मानले आहे. मारणे किंवा मरणाची प्रशंसा करणे हा तर तिसरा पाराजिक. त्यास करुणेची सबबही चालत नाही. म्हणजे निर्णय रुग्णाचा असला पाहिजे, शुश्रूषकाचा नव्हे. महावग्गात चांगल्या रुग्णाच्या गुणांत, आपल्या आजाराची खरी स्थिती शुश्रूषकास सांगणे, हा गुण मोजला आहे. आम्हांस तो फार महत्त्वाचा वाटतो.

आजचा प्रश्न अर्थातच उपोषणाचा नाही. छाती बाहेरून दाबून बंद पडलेले हृदय चालू करण्याची रीत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी 1960 साली प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून प्रत्येक मरणाच्या क्षणी हा उपाय करून पाहण्याची वाट खुली झाली. जर्जर वृद्धाच्या बाबतीत त्यातून बरगड्या मोडतात आणि हाती बहुधा काही लागत नाही. म्हणून 'हृदय थांबल्यास हा प्रयत्न करू नये' असा लेखी आदेश प्रचारात आला. त्याने इतर उपचार थांबत नाहीत; वेदनाशमन, पाणी, स्वच्छता हे सर्व चालूच राहते.

आपला शब्द आधी सांगून न ठेवलेल्या रुग्णाचे काय होते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात देशाने पाहिले. 1973 च्या नृशंस हल्ल्यानंतर त्या बेचाळीस वर्षे अंथरुणास खिळून होत्या. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या सेवकवर्गाकडे मानला. त्या परिचारिकांची सेवा निःसंशय आदर्श होती; पण अरुणाताईंचे म्हणणे कोणासही ठाऊक नव्हते.

9 मार्च 2018 रोजी न्यायालयाने आगाऊ इच्छापत्र मान्य केले आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार, नोटरी वा राजपत्रित अधिकारी, आणि एक प्रत ग्रामपंचायतीने अथवा नगरपालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. उपचार काढून घेण्यापूर्वी दोन वैद्यकीय मंडळांचा अभिप्राय लागतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत निर्णय द्यावयाचा आहे. हृदय थांबल्यावर मात्र हाती काही मिनिटेच असतात. यास्तव भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उपचार करणाऱ्या डॉक्टराने रुग्णाशी, तो बोलू शकत नसल्यास आप्तांशी, आधीच चर्चा करून हा आदेश लिहून ठेवावयाचा आहे.

तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडच्या एखाद्या आजीस मध्यरात्री गाडीत घालून अकोल्यास नेले, तर तेथील डॉक्टर तिला प्रथमच पाहत असतो. इच्छापत्राची प्रत गावच्या कार्यालयात कुलुपात, आणि सोबत आलेल्या नातवास आजीने ते केले होते हेच माहीत नाही. अशा वेळी डॉक्टर छाती दाबणारच, आणि त्यास दोष देता येणार नाही. ती प्रत आजीच्या औषधांच्या पिशवीत असावयास हवी होती.