मेक्सिकोच्या पडद्यावरचे धर्मगुरू

‘एल क्रिमेन देल पाद्रे आमारो’ हा चित्रपट १६ ऑगस्ट २००२ रोजी मेक्सिकोत लागला. पोप दुसरे जॉन पॉल यांचा दौरा दोनच आठवड्यांपूर्वी आटोपला होता आणि त्या दौऱ्यात विघ्न नको म्हणून चित्रपटाची तारीख पुढे ढकलण्यात आली होती. बिशपांनी भाविकांना तो पाहू नका असे सांगितले. प्रो-विदा या गर्भपातविरोधी संघटनेने, अशा चित्रपटाला सरकारी पैसा दिलाच कसा म्हणून अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार दाखल केली. परिणाम उलटाच झाला. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला आणि मेक्सिकन चित्रपटांच्या कमाईचा तोवरचा उच्चांक त्याने मोडला. हे प्रकरण सहसा एका ठरलेल्या साच्यात सांगितले जाते: चित्रपटाने चर्चच्या राजकारणावर बोट ठेवले, भाविक दुखावले, वाद पेटला. या साच्यातला मधला दुवाच तपासण्याजोगा आहे. चित्रपटात राजकारण होते, यात शंका नाही. गावचा वयस्क पाद्री अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याच्या पैशातून इस्पितळ बांधतो. बिशप वर्तमानपत्रावर दबाव आणून बातमी दाबू पाहतो. डोंगरातल्या शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या पाद्री नाताल्योला धर्मबहिष्कृत केले जाते. पण निषेधाचा मुख्य रोख होता तो भलत्याच दोन प्रसंगांवर. एकात एक विक्षिप्त बाई मिस्सात मिळालेली पवित्र भाकर आपल्या आजारी मांजरीला भरवते. दुसऱ्यात तरुण पाद्री पवित्र मारियेच्या मूर्तीसाठी शिवलेला निळा झगा आपल्या प्रेयसीच्या अंगावर पांघरतो. तस्कराचा पैसा मागे राहिला, मांजर पुढे आली.

असे का झाले याचे उत्तर २००२ मध्ये सापडत नाही, त्यासाठी १९२९ पर्यंत मागे जावे लागते. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेने चर्चची मालमत्ता राष्ट्राची ठरवली, शिक्षण धर्मनिरपेक्ष केले, धर्मगुरूंचा मताधिकार काढून घेतला आणि त्यांना कायद्यांवर टीका करण्याचीही मनाई केली. ही कलमे बरीच वर्षे कागदावर होती. राष्ट्राध्यक्ष प्लुतार्को एलिआस काय्येस यांनी १९२६ मध्ये ती खरोखर राबवायला घेतली, तेव्हा बिशपांनी ३१ जुलैपासून देशभरातल्या चर्चमधली उपासनाच थांबवली. त्यातून क्रिस्तेरो बंड उभे राहिले. पश्चिमेकडच्या हालिस्को, मिचोआकान भागातले शेतकरी तीन वर्षे सैन्याशी लढले आणि हजारोंनी मेले. २१ जून १९२९ रोजी सरकार आणि बिशप यांच्यात समझोता झाला. अमेरिकेचे राजदूत ड्वाइट मॉरो यांनी त्यासाठी मध्यस्थी केली होती. कायदे बदलले नाहीत, फक्त ते राबवायचे नाहीत असे ठरले, आणि बिशपांनीही राजकारणात बोलायचे नाही. ज्या पक्षाने पुढे पीआरआय या नावाने २००० पर्यंत सत्ता राखली तो स्थापन झाला तोही १९२९ मध्येच. हे अर्धवट मौन १९९२ च्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकले. आणखी एक तपशील इथे महत्त्वाचा: या सगळ्या काळात धार्मिक बाबी आणि चित्रपटांचे परवाने दोन्ही एकाच खात्याकडे, म्हणजे गृह खात्याकडे होते. चर्चचे राजकारण पडद्यावर किती दिसावे याचा निर्णय ज्या कार्यालयात व्हायचा, त्याच कार्यालयाला बिशपांशी जुळवून घ्यायचे होते.

या समझोत्याची सावली परदेशी चित्रपटांवरही पडलेली दिसते. ग्रॅहम ग्रीनची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ ही १९४० ची कादंबरी ताबास्को प्रांतातल्या धर्मगुरूंच्या पाठलागावर बेतलेली आहे. जॉन फोर्डने तिच्यावरून १९४७ मध्ये ‘द फ्युजिटिव्ह’ काढला. चित्रीकरण मेक्सिकोत झाले, छायाचित्रण गाब्रिएल फिगेरोआचे, दोलोरेस देल रियो आणि पेद्रो आर्मेंदारिस हे तिथले बडे कलावंत त्यात होते. पण कथा घडते ती एका बिननावाच्या देशात. कादंबरीतला पाद्री दारुडा आहे, त्याला एक मूल आहे. चित्रपटात हेन्री फोंडाचा पाद्री जवळजवळ निष्कलंक झाला आणि ते मूल त्याचा पाठलाग करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या नावावर गेले, कारण हॉलीवूडच्या आचारसंहितेत धर्मगुरूचे पाप बसत नव्हते. म्हणजे देशाचे नाव गाळले गेले आणि पाद्र्याचे पापही. खुद्द रोमची प्रतिक्रिया तर याहून बोलकी आहे. ग्रीनची कादंबरी छळल्या गेलेल्या चर्चची बाजू घेणारी. राजकीयदृष्ट्या व्हॅटिकनला तिच्यात खटकण्यासारखे काही नव्हते. तरी १९५३ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त खात्याने तिच्यावर नापसंती नोंदवली, ती त्या दारुड्या पाद्र्यामुळे. राजकारण अनुकूल असो वा प्रतिकूल, चर्चची नजर आधी धर्मगुरूच्या अब्रूवर आणि संस्कारांच्या पावित्र्यावर जाते, हे इथे आमारोच्या अर्धशतक आधीच दिसते.

यावर कोणी ‘कानोआ’चे नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवे. फेलिपे कासाल्सचा हा १९७६ चा चित्रपट धर्मगुरूच्या राजकारणावर आजवर निघालेल्या सर्वांत धारदार चित्रपटांपैकी आहे. १४ सप्टेंबर १९६८ रोजी पुएब्ला विद्यापीठाचे काही तरुण कर्मचारी ला मालिंचे हा डोंगर चढायला निघाले. पावसामुळे ते पायथ्याच्या सान मिगेल कानोआ गावात अडकले. विद्यार्थी आंदोलनाचे ते दिवस. गावात हाकाटी झाली की कम्युनिस्ट आलेत, चर्चवर लाल-काळा झेंडा लावणार आहेत. घंटा वाजल्या, ध्वनिक्षेपकावरून चिथावणी दिली गेली, जमाव कोयते घेऊन धावला. मारल्या गेलेल्यांत दोन कर्मचारी आणि त्यांना आसरा देणारा गावकरी होते. चित्रपट याची जबाबदारी गावावर पकड ठेवणाऱ्या पाद्र्यावर टाकतो. एन्रिके लुसेरोने काळा चष्मा घालून रंगवलेला तो पाद्री वर्गणी गोळा करतो, रस्ता आणि वीज आणल्याचे श्रेय घेतो आणि गावाला कोणाची भीती वाटली पाहिजे हेही ठरवतो. धर्माची सत्ता गावपातळीवर कशी चालते, याचे असे कोरडे, हिशेबी चित्रण क्वचितच पाहायला मिळते. चित्रपटाला बर्लिनमध्ये परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. मग १९२९ च्या मौनाचे काय झाले?

उत्तर चित्रपटाच्या पैशात आहे. ‘कानोआ’ सरकारी मदतीने निघाला, राष्ट्राध्यक्ष लुइस एचेवेरिया यांच्या कारकिर्दीत. चित्रपट उद्योगाला कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेचे प्रमुख होते राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रोदोल्फो. आणि १९६८ साली, २ ऑक्टोबरला त्लातेलोल्कोच्या चौकात सैन्याने विद्यार्थ्यांवर गोळीबार केला तेव्हा, गृहमंत्री होते हेच लुइस एचेवेरिया. कानोआची घटना त्याच्या अठरा दिवस आधीची. चित्रपटात अडाणी गाव आणि धर्मांध पाद्री मारतात; सैन्य शेवटी येऊन वाचलेल्यांना सोडवते. घटनेशी ते सुसंगतही आहे, पण त्या वर्षाचे एवढेच चित्र पडद्यावर यावे यात सरकारची सोय होती. त्लातेलोल्कोवरचा ‘रोहो आमानेसेर’ निघायला १९८९ उजाडले, आणि त्यातली सैनिकांची दृश्ये कापल्यावरच तो दाखवता आला. काय्येस आणि ओब्रेगॉन या राष्ट्राध्यक्षांच्या काळातल्या सत्तास्पर्धेवरचा ‘ला सोम्ब्रा देल काउदियो’ तर १९६० पासून तीस वर्षे डब्यात होता. कासाल्सवर सरकारचा हस्तक असल्याचा आरोप करणे अन्यायाचे होईल. पटकथेतले बारकावे, गावकऱ्यांच्या दारिद्र्याचे भान, कर्मचाऱ्यांच्या अंत्ययात्रेशेजारून जाणारी सैन्याची तुकडी, हे सगळे त्याच्या बाजूने साक्ष देते. मुद्दा इतकाच की पाद्र्याचे राजकारण तेव्हा दिसले जेव्हा ते दाखवणे राज्यकर्त्यांना परवडले. भाविकांच्या भावनांना त्या हिशेबात फारसे स्थान नव्हते.

व्हिसेन्ते लेन्येरो या एकाच लेखकाच्या दोन पटकथा शेजारी ठेवल्या की हे अधिक स्पष्ट होते. लेन्येरो स्वतः श्रद्धावान कॅथलिक. लुइस एस्त्रादाच्या ‘ला लेय दे एरोदेस’ (१९९९) या चित्रपटाच्या लेखनात त्याचा वाटा होता. त्यात पाद्री गावच्या नव्या महापौराला लाच खायची युक्ती सुचवतो आणि पापनिवेदनाचेही पैसे मागतो. अस्वस्थ झाले ते सरकार, कारण पीआरआयचे नाव उघड घेतले होते. चित्रपट दाबण्याचा प्रयत्न झाला, तो फसला आणि प्रसिद्धी मात्र झाली. लोभी पाद्र्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. तीन वर्षांनी लेन्येरोनेच एसा दे केइरोसच्या एकोणिसाव्या शतकातल्या पोर्तुगीज कादंबरीवरून ‘आमारो’ लिहिला. तोवर पीआरआयची सत्ता गेली होती; नवे राष्ट्राध्यक्ष विसेन्ते फॉक्स यांनी प्रचारात ग्वादालुपेच्या मातेचा ध्वज फडकवला होता आणि पोप आले तेव्हा विमानतळावर त्यांच्या अंगठीचे चुंबन घेतले होते, जे आधीच्या कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने केले नसते. समझोता मोडला होता, म्हणून बिशप आता उघड बोलू शकत होते. पण बोलले कशावर? तस्करांच्या दानाला मेक्सिकोत ‘नार्कोलिमोस्नास’ असा रूढ शब्दच आहे. व्हॅटिकनचे राजदूत जेरोनिमो प्रिजोने १९९३-९४ मध्ये आरेयानो फेलिक्स या कुप्रसिद्ध तस्कर बंधूंना भेटले होते, हेही जाहीर झाले होते. त्या विषयावर वाद घातला असता तर तपशिलात शिरावे लागले असते. पवित्र भाकरीवर वाद घालताना तसा धोका नव्हता.

इथे एक गंभीर आक्षेप आहे. पवित्र भाकर म्हणजे ख्रिस्ताचे शरीर, अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांना ते मांजरीचे दृश्य खरोखर यातना देणारे आहे; त्याला बहाणा म्हणणे उद्धटपणाचे ठरेल. हे मान्यच केले पाहिजे. पण भाविकाचे दुःख आणि बिशपांचे पत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००० च्या जनगणनेत सुमारे ८८ टक्के लोक कॅथलिक होते. तिकीट काढणाऱ्या लाखोंमध्ये बहुतेक तेच असणार. उत्सुकता, बंदीची चव, नायक गाएल गार्सिया बेर्नालचा चेहरा ही कारणे असतीलही, तरी ‘भाविकांची प्रतिक्रिया’ म्हणून फक्त फलक घेतलेल्यांची प्रतिक्रिया मोजण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि दोष एकट्या बिशपांचाही नाही. चित्रपट पूर्वार्धात जे राजकारण मांडतो ते उत्तरार्धात प्रेमकथेच्या आणि गर्भपाताच्या नाट्यात विरून जाते. चर्चने राजकारणात पडू नये असे नाताल्योचे पात्र म्हणत नाही. ते विचारते, पडायचे तर कोणाच्या बाजूने. चियापासच्या सामुएल रुइस यांच्यासारखे बिशप प्रत्यक्षात हाच प्रश्न विचारत होते. दिग्दर्शक कार्लोस कारेराने तो प्रश्न अर्ध्यावर सोडला नसता तर विरोधकांनाही मांजरीवर थांबणे अवघड गेले असते.

आता चर्चच्या बाजूचा चित्रपट घेऊ. क्रिस्तेरो बंडावरचा ‘क्रिस्तियादा’ २०१२ मध्ये आला. इंग्रजीत, अँडी गार्सिया आणि पीटर ओ’टूल यांना घेऊन, मेक्सिकन निर्मात्याने काढलेला. अमेरिकेत तो १ जूनला लागला. त्याच महिन्यात तिथले बिशप ओबामा सरकारच्या गर्भनिरोधकांच्या विमाधोरणाविरुद्ध धर्मस्वातंत्र्याची मोहीम चालवत होते आणि चित्रपट त्या मोहिमेच्या उपयोगी पडला. म्हणजे मेक्सिकोच्या शेतकऱ्यांचे युद्ध दुसऱ्याच देशातल्या वादाचे उदाहरण झाले. खर्चाच्या मानाने गल्ला फारसा जमला नाही. चित्रपटाचे काळीज आहे ते होसे सांचेस देल रियो या चौदा वर्षांच्या मुलाच्या छळात आणि मरणात. त्याला २०१६ मध्ये संत घोषित करण्यात आले. हुतात्म्याची कथा चर्चला नेहमीच राजकारणापेक्षा जवळची. मेक्सिकोचा पहिला संत फेलिपे दे हेसुस १५९७ मध्ये नागासाकीत वसईच्या गोन्सालो गार्सियाबरोबर क्रूसावर मारला गेला. दोघांना संतपद मिळाले १८६२ मध्ये, म्हणजे मेक्सिकोत राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेसचे सरकार चर्चची मालमत्ता काढून घेत होते त्याच काळात. क्रिस्तेरो काळातल्या पंचवीस जणांना २००० साली संतपद देतानाही रोमने निवड केली ती मुख्यतः शस्त्र न उचललेल्या धर्मगुरूंची. बंडाचा सेनापती एन्रिके गोरोस्तिएता त्या यादीत नाही. तो समझोत्याच्या विरोधात होता आणि समझोता होण्याच्या एकोणीस दिवस आधी मारला गेला.

समझोत्यानंतर शस्त्रे खाली ठेवलेल्या अनेक क्रिस्तेरोंना एकेक गाठून ठार करण्यात आले. त्यांच्यातल्या कित्येकांची तक्रार सरकारइतकीच आपल्या बिशपांविरुद्धही होती: ज्यांच्यासाठी लढलो त्यांनी आम्हाला न विचारता सही केली. १९३० च्या दशकात त्यातले काहीजण पुन्हा डोंगरात गेले. या दुसऱ्या बंडात खेड्यातल्या शाळामास्तरांचे कान कापण्यापर्यंत क्रौर्य गेले, आणि या वेळी बिशप बंडखोरांच्या विरोधात उभे राहिले. सरकारला, बिशपांना आणि बंडखोरांना एकाच वेळी अडचणीत आणणारी ही कथा ‘क्रिस्तियादा’च्या मोठ्या खर्चात बसली नाही, आणि तिच्यासाठी पैसा देणारा दुसरा कोणी पुढे येईल असे दिसत नाही.